लर्नेड हँड: स्वतःच्या खात्रीवर शंका घेणारा न्यायाधीश

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, अपकृत्य (म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा), कर, कॉपीराइट, स्पर्धा कायदा असा कोणताही विषय उघडला तरी लर्नेड हँड हे नाव येतेच. हे गृहस्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कधीच नव्हते. मग त्यांना एवढे महत्त्व का, आणि त्यांचे आयुष्य नेमके कसे गेले?

माझी वकिली मुंबईत सागरी दाव्यांत आणि कराच्या प्रकरणांत गेली. या दोन्ही क्षेत्रांत हँड यांची निकालपत्रे वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी थोडे लांबवणार आहे. त्यांचे मोठेपण पदात नव्हते. प्रत्येक प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न ते चार-दोन पानांत उघडा करून दाखवत. शिवाय आपण बरोबरच आहोत अशी खात्री बाळगायला ते सहसा तयार नसत. या दुसऱ्या गुणाने त्यांना थोर केले आणि माझ्या मते काही महत्त्वाच्या ठिकाणी चुकवलेही.

आधी अमेरिकेतली रचना थोडक्यात सांगतो. तिथे राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची म्हणजे फेडरल न्यायालये वेगळी. फेडरल न्यायालयांत खाली जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर प्रदेशवार अपील न्यायालये आणि सर्वांत वर सर्वोच्च न्यायालय. या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते आणि नेमणूक तहहयात असते. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट ही तीन राज्ये ‘सेकंड सर्किट’ या अपील न्यायालयाखाली येतात. न्यूयॉर्कचे बंदर, शेअरबाजार, प्रकाशनसंस्था, मोठ्या कंपन्या यांचे सगळे वाद इथेच येत. सर्वोच्च न्यायालय निवडक अपिलेच ऐकते, त्यामुळे व्यापारी कायद्याचा बराचसा भाग प्रत्यक्षात इथेच घडला.

हँड यांचा जन्म २७ जानेवारी १८७२ चा, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथला. घराणे वकिलांचे. वडील सॅम्युएल हँड नामांकित वकील होते आणि काही काळ राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीशही होते. मुलगा चौदा वर्षांचा असताना ते वारले. हार्वर्डमध्ये हँड तत्त्वज्ञान शिकले. विल्यम जेम्स, जोसाया रॉइस, जॉर्ज सांतायाना असे शिक्षक लाभलेला हा विद्यार्थी तत्त्वज्ञानातच राहिला असता, पण घरच्या परंपरेने त्याला कायद्याकडे वळवले. हार्वर्ड लॉ स्कूलमधून ते १८९६ मध्ये बाहेर पडले. तिथे जेम्स ब्रॅडली थेअर या प्राध्यापकांची शिकवण त्यांच्या मनात कायमची रुजली: विधिमंडळाने केलेला कायदा न्यायाधीशाने घटनाबाह्य ठरवावा तो चूक निःसंशय असेल तेव्हाच, आपल्याला पटत नाही एवढ्यावरून नव्हे. पुढे येणाऱ्या भारताच्या संदर्भासाठी ही शिकवण लक्षात ठेवा.

ऑल्बनीत त्यांची वकिली बेताची चालली. १९०२ मध्ये फ्रान्सिस फिंके यांच्याशी विवाह झाला, त्याच वर्षी ते न्यूयॉर्क शहरात आले. तिथेही त्यांनी फार नाव कमावले असे नाही. मात्र विचारवंतांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस होती, आणि १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना जिल्हा न्यायाधीश नेमले. वय ३७.

यानंतर त्यांनी जे केले ते आपल्याकडे कल्पनेतही बसणार नाही. १९१२ च्या निवडणुकीत ज्यांनी आपल्याला नेमले त्या टाफ्ट यांच्याऐवजी त्यांनी थिओडोर रूझवेल्ट यांची बाजू घेतली, आणि १९१३ मध्ये न्यायाधीशपदावर असतानाच रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाकडून राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदाची निवडणूक लढवली. ते हरले. टाफ्ट पुढे स्वतः देशाचे सरन्यायाधीश झाले आणि हँड यांना सर्वोच्च न्यायालयात आणण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी विरोध केला.

पण त्यांचा खरा कस लागला १९१७ मध्ये. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती आणि नवा हेरगिरीविरोधी कायदा झाला होता. ‘द मासेस’ नावाच्या डाव्या मासिकाचा ऑगस्टचा अंक न्यूयॉर्कच्या पोस्टमास्तरने टपालातून पाठवायला नकार दिला, कारण त्यातली व्यंगचित्रे आणि लेख युद्धाच्या आणि सक्तीच्या सैन्यभरतीच्या विरोधात होते. मासिक न्यायालयात गेले. देशात युद्धज्वर होता, अपील न्यायालयात एक जागा रिकामी होती आणि त्या जागेसाठी हँड यांचे नाव चर्चेत होते. अशा वेळी २४ जुलै १९१७ रोजी त्यांनी मासिकाच्या बाजूने मनाई हुकूम दिला.

त्या निकालपत्रातला विचार आजही ताजा वाटतो. बोलण्याचा परिणाम काय होईल, लोकांची मने कलुषित होतील का, असा अंदाज बांधत बसू नका, असे ते सांगतात. शब्दांकडे बघा. कायदा मोडा असे ते थेट सांगतात का? सांगत असतील तर शिक्षा करा. नुसती कडवट टीका असेल तर तिला हात लावता येणार नाही, कारण राजकीय चळवळीच्या सर्व पद्धतींबद्दलची सहिष्णुता हेच मुक्त राज्यव्यवस्थेचे संरक्षण असते.

अपिलात हा निकाल फिरवला गेला, मासिक बंद पडले आणि बढती हुकली. मराठी वाचकाला इथे लोकमान्य टिळकांचा १९०८ चा खटला आठवल्याशिवाय राहणार नाही. ‘केसरी’तल्या लेखांनी सरकारबद्दल अप्रीती निर्माण होते का, एवढ्याच कसोटीवर मुंबई उच्च न्यायालयात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. वाचकाच्या मनात काय उत्पन्न होईल यावर लेखकाला दोषी ठरवण्याची हीच पद्धत हँड नाकारत होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये इंटरनेटवरील अभिव्यक्तीबद्दलच्या श्रेया सिंघल प्रकरणात चर्चा, समर्थन आणि चिथावणी असे तीन टप्पे पाडले आणि फक्त तिसऱ्यावर बंधन घालता येईल असे म्हटले. त्याच्या मुळाशी हाच भेद आहे.

ज्या जागेसाठी हँड यांचे नाव होते ती १९१८ मध्ये मार्टिन मँटन यांना मिळाली. हेच मँटन पुढे त्या न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायाधीश झाले, पक्षकारांकडून पैसे घेतल्याचे उघड झाल्यावर १९३९ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि ते तुरुंगात गेले. कलंकित झालेल्या त्या न्यायालयाचे नेतृत्व मँटन यांच्यानंतर हँड यांच्याकडे आले. न्यायालयाची पत परत उभी करण्यात त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा होता.

१९१८ च्या जूनमध्ये आगगाडीत त्यांची सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्याशी गाठ पडली. मतभेद असलेल्यांना सहन का करायचे यावर दोघांत वाद झाला, मग पत्रव्यवहार. आपली मते नेहमी तात्पुरतीच असतात, म्हणून उलट मत चिरडायचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही, असे हँड यांचे म्हणणे. होम्स यांना तेव्हा ते पटले नाही. पण नोव्हेंबर १९१९ मध्ये युद्धकाळातल्या सरकारविरोधी पत्रकांच्या एब्रम्स प्रकरणात होम्स यांनी जे भिन्नमत लिहिले त्यात या विचाराच्या खुणा दिसतात. एकट्या हँड यांनी त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही, इतरही मित्र त्यांच्याशी बोलत होतेच.

अखेर १९२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्यांना सेकंड सर्किटवर नेमले. काही वर्षांनी त्यांचे चुलत बंधू ऑगस्टस हँडही तिथे आले. थॉमस स्वान हे तिसरे. या खंडपीठासमोर उभे राहणे वकिलांसाठी परीक्षाच असे. सुनावणीनंतर प्रत्येक न्यायाधीश आपले टिपण स्वतंत्र लिहून इतरांना पाठवी आणि मगच चर्चा होई, त्यामुळे कोणी कोणाच्या मताआड लपू शकत नसे. हँड यांचे तरुण सहायक निकालपत्र लिहून देत नसत. त्यांचे काम मसुद्यात खोट काढण्याचे. मसुदा हँड स्वतः हाताने लिहीत आणि मनासारखा होईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहीत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. मार्च १९२८ मध्ये कोळशाने भरलेल्या दोन बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) व्हर्जिनियाहून न्यूयॉर्ककडे ओढून नेल्या जात होत्या. न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात त्या बुडाल्या. हवामानाचा इशारा रेडिओवरून दिवसातून दोनदा मिळत होता, पण ओढणाऱ्या टगबोटींवर चालू स्थितीतला रेडिओच नव्हता. त्यातल्या एका टगबोटीच्या नावाने हे प्रकरण ‘द टी. जे. हूपर’ म्हणून ओळखले जाते. टगमालकांचा बचाव असा की, त्या काळी या धंद्यात रेडिओ ठेवायचा रिवाजच नव्हता. १९३२ च्या निकालपत्रात हँड म्हणतात की, एखादा अख्खा धंदाही नवी साधने स्वीकारण्यात मागे पडलेला असू शकतो. सावधगिरीची पातळी शेवटी न्यायालय ठरवते, धंद्यातला रिवाज नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाली, तेव्हा सागरी कायदा जाणणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हेच प्रश्न आले: इशारा कधी मिळाला, कोणापर्यंत पोहोचला आणि त्यावर काय केले गेले.

दुसरे प्रकरण कॅरोल टोइंगचे, १९४७ चे. ४ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क बंदरात टगबोटीवरच्या माणसांनी दोरखंड नीट न बांधल्याने ॲना सी. नावाची बार्ज सुटली, एका टँकरवर आदळली, टँकरच्या पंख्याने तिच्या तळाला भोक पडले आणि आतल्या पिठासकट ती बुडाली. बार्जवर राखणदार असता तर गळती वेळीच लक्षात आली असती. तो २१ तास बार्जवर नव्हता आणि साक्षीत त्याने खोटी हकीकत सांगितली. मग प्रश्न असा की, राखणदार न ठेवणे हा बार्जमालकाचाही निष्काळजीपणा आहे का?

हँड यांनी तीन गोष्टी मांडल्या. बार्ज सुटण्याची शक्यता किती, सुटली तर नुकसान केवढे, आणि ते टाळायला करावी लागणारी खबरदारी किती जड. खबरदारीचे ओझे हे शक्यता आणि नुकसान यांच्या गुणाकारापेक्षा कमी असेल आणि तरीही ती घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. त्यांनी हे बीजगणिताच्या अक्षरांत लिहिले आणि पुढच्या पिढ्यांतील अर्थशास्त्राकडे झुकलेल्या विद्वानांनी त्यावर ग्रंथच्या ग्रंथ रचले. पण मूळ निकाल वाचा. त्यात एकही आकडा टाकलेला नाही. सूत्रानंतर ते लगेच बंदराकडे वळतात: जानेवारीचे लहान दिवस, युद्धाची धांदल, सतत आत-बाहेर सरकवल्या जाणाऱ्या बार्जेस. अशा वेळी निदान दिवसाच्या कामाच्या वेळेत राखणदार हवाच होता, एवढेच ते ठरवतात. सूत्र पाठ करून परीक्षेत गुण मिळतील, पण न्यायालयात उपयोगी पडतो तो बंदराचा परिच्छेद.

कराच्या बाबतीत त्यांचे एक वाक्य आमच्या क्षेत्रात सर्वांना तोंडपाठ असते: कर कमीत कमी बसेल अशी आपल्या व्यवहारांची मांडणी कोणीही करू शकतो, आणि कर वाढवून देणे हे देशभक्तीचेही कर्तव्य नाही. करदात्याचे वकील ते नेहमी उद्धृत करतात. त्या प्रकरणात करदाता हरला, हे मात्र बहुतेकांच्या गावीच नसते. श्रीमती ग्रेगरी यांच्या मालकीच्या कंपनीकडे दुसऱ्या एका कंपनीचे १,००० शेअर होते. सरळ घेतले असते तर लाभांश म्हणून जबर कर बसला असता. म्हणून १९२८ च्या सप्टेंबरात एक नवी कंपनी काढली, शेअर तिच्यात टाकले, आणि सहा दिवसांत ती विसर्जित करून शेअर स्वतःकडे घेतले. कायद्यातल्या करमुक्त ‘पुनर्रचने’च्या व्याख्येत हे शब्दशः बसत होते. १९३४ मध्ये हँड म्हणाले की, वाक्याचा अर्थ सुट्या शब्दांच्या बेरजेपेक्षा अधिक असतो, जशी सुरावट सुट्या सुरांपेक्षा अधिक असते. पुनर्रचनेची ही तरतूद धंद्याच्या खऱ्या फेरबांधणीसाठी होती, आणि इथे धंदाच नव्हता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. आपल्याकडे वोडाफोन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालय २०१० मध्ये प्राप्तिकर खात्याच्या बाजूने आणि सर्वोच्च न्यायालय २०१२ मध्ये कंपनीच्या बाजूने गेले, तोही ताण हाच: कागद बघायचा की कागदामागचा व्यवहार.

कॉपीराइटबद्दल थोडक्यात. १९३० च्या निकोल्स प्रकरणात त्यांनी सांगितले की, कुठल्याही नाटकातून तपशील एकेक करून काढत गेलात तर शेवटी नुसती कल्पना उरते, आणि तिच्यावर कोणाची मालकी नसते. मधली रेषा नक्की कुठे पडते ते कोणालाच सांगता येणार नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्ये आपले सर्वोच्च न्यायालय याच प्रश्नाला भिडले.

१९४५ चा अल्कोआ खटला मात्र विलक्षण. ॲल्युमिनियमच्या मक्तेदारीचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा अनेक न्यायमूर्तींना त्यातून बाजूला व्हावे लागले आणि गणपूर्तीच होईना. मग अमेरिकी संसदेने कायदा बदलून सेकंड सर्किटच्या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना अंतिम निर्णयाचा अधिकार दिला. म्हणजे त्या एका प्रकरणापुरते हँड हेच देशाचे शेवटचे न्यायालय होते. बाजाराचा ९० टक्के हिस्सा म्हणजे मक्तेदारी, ६० किंवा ६४ टक्के असेल तर शंका, ३३ टक्के असेल तर नक्कीच नाही, असे त्यांनी लिहिले. परदेशात झालेल्या कराराचा परिणाम देशात घडवायचा हेतू असेल आणि तो घडला असेल, तर देशाचा कायदा लागू होतो, हेही याच निकालात आहे. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ३२ याच विचारावर उभे आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दार शेवटचे किलकिले झाले ते १९४२-४३ मध्ये. मित्र फेलिक्स फ्रँकफर्टर तेव्हा तिथे न्यायमूर्ती होते आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यामागे लकडा लावला. पण हँड सत्तरी ओलांडलेले, आणि याच रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये न्यायाधीश सत्तरीनंतर थकतात असा युक्तिवाद केलेला. नेमणूक वायली रटलेज यांची झाली. ते १९४९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी वारले. हँड त्यांच्यानंतर बारा वर्षे जगले.

सामान्य अमेरिकनांना ते माहीत झाले एका छोट्या भाषणामुळे. २१ मे १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, नव्या नागरिकांच्या सोहळ्यात, ते प्रचंड जनसमुदायासमोर बोलले. स्वातंत्र्य लोकांच्या हृदयात असते, आणि तिथे ते मेले तर कोणतीही घटना, कोणताही कायदा, कोणतेही न्यायालय ते वाचवू शकत नाही. आपणच बरोबर आहोत अशी फार खात्री नसणे, हीच स्वातंत्र्याची वृत्ती. पाच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितले की घटना कितीही चांगली असो, ती राबवणारे वाईट निघाले तर तीही वाईटच ठरेल. दोघांची चिंता एकच आहे.

पण या चिंतेतून हँड जिथे पोहोचले तिथे मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. १९४७ च्या अखेरीस घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्तींना भेटत होते. फ्रँकफर्टर यांनी त्यांना सांगितले की, ‘ड्यू प्रोसेस’ म्हणजे योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, या कलमाने न्यायाधीशांच्या हाती अवाजवी सत्ता जाते. हँड यांनी तर मूलभूत हक्क कायदेशीर बेड्या म्हणून नव्हे, नैतिक आदेश म्हणूनच असावेत असे मत दिले. दोघेही थेअर यांच्या विचाराचे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याबद्दलच्या आपल्या अनुच्छेद २१ मध्ये शेवटी ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये दोन्ही बाजू मांडून निर्णय सभागृहावर सोडला होता. कायद्याने कोणतीही पद्धत घातली तरी चालते असा अर्थ निघाला, आणि त्या शब्दांची किंमत आपण १९५० च्या गोपालन या स्थानबद्धतेच्या प्रकरणात आणि आणीबाणीत, स्थानबद्धांना न्यायालयात दादच मागता येणार नाही असे ठरवणाऱ्या १९७६ च्या ए. डी. एम. जबलपूर निकालात मोजली. त्यावेळी एकटे उभे राहिलेले न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे सरन्यायाधीशपद हुकले. ही कार्यपद्धती न्याय्यही असली पाहिजे असे सांगणाऱ्या १९७८ च्या मनेका गांधी निकालानंतर कुठे अनुच्छेद २१ ला जीव आला. संसद आणि सरकार दोन्ही बेफाम झाले असताना न्यायाधीशाने संयम पाळायचा म्हणजे तुरुंगातल्या माणसाला वाऱ्यावर सोडायचे.

हँड यांच्या स्वतःच्या कारकिर्दीतही याचा दाखला आहे. १९५० मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या ११ नेत्यांची शिक्षा त्यांनी डेनिस प्रकरणात कायम केली. संकटाचे गांभीर्य, त्याच्या असंभाव्यतेइतके कमी करून मोजायचे आणि तेवढ्याने अभिव्यक्तीवरचे बंधन समर्थनीय ठरते का ते पाहायचे, अशी कसोटी त्यांनी लावली. बार्जच्या राखणदाराला लावलेले गणित इथे माणसांच्या मतांना लागले. १९१७ चे हँड इथे मला दिसत नाहीत. त्यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून ते सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी बांधलेले होते, आणि त्याच वर्षी हेरगिरीच्या आरोपातील ज्युडिथ कॉपलॉन यांची शिक्षा, वॉरंटाविना झालेली अटक आणि चोरून ऐकलेले फोन यांमुळे, त्यांनीच रद्द केली. पुढे १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग प्रकरणात अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय डेनिसपासून दूर गेले आणि ‘मासेस’मधल्या थेट चिथावणीच्या कसोटीच्या बरेच जवळ आले. ते पाहायला हँड नव्हते.

१९५१ मध्ये ते नियमित कामातून निवृत्त झाले, तरी खटले ऐकतच राहिले. १९५८ मध्ये हार्वर्डमध्ये त्यांनी तीन व्याख्याने दिली आणि न्यायालयांनी हक्कांच्या नावाखाली विधिमंडळाचे तिसरे सभागृह होऊ नये असे पुन्हा बजावले. वंशभेदी शाळांविरुद्धच्या १९५४ च्या निकालाबद्दलही त्यांनी शंका व्यक्त केली, आणि त्याने त्यांचे चाहते दुखावले. प्लेटोच्या कल्पनेतल्या ज्ञानी पालकांच्या ताब्यात राहणे मला असह्य होईल, त्यांना निवडायचे कसे हे कळत असते तरीही, असे ते म्हणाले. १८ ऑगस्ट १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वय ८९ होते.

त्या व्याख्यानांची तयारी चालू असताना त्यांचा सहायक होता रोनाल्ड ड्वॉर्किन. मसुद्यावर त्याचे हँड यांच्याशी वाद होत आणि हँड ते ऐकून घेत. बहुमतालाही मोडता येणार नाहीत असे हक्क माणसाकडे असतात आणि ते जपणे न्यायाधीशाचेच काम आहे, हे मांडण्यात ड्वॉर्किनने पुढचे सगळे आयुष्य घालवले. विद्यार्थिनीला माझे सांगणे असे की, कॅरोल टोइंग आणि ‘मासेस’ ही दोन निकालपत्रे आधी मुळातून वाच, मग १९५८ ची व्याख्याने, आणि त्यानंतर ड्वॉर्किनकडे वळ.